रेंडर फार्म: नवी यंत्रे घेण्याआधी कोअर मोजा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग, कॉमिक्स व एक्स्टेंडेड रिॲलिटी या क्षेत्रांसाठीचे एव्हीजीसी-एक्सआर धोरण मंजूर केले आणि मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज (आयआयसीटी) ही संस्थाही सुरू झाली. तेव्हापासून या व्यवसायाविषयी वर्तमानपत्रांतून बरेच लिहून येत आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. या चर्चेत गुंतवणूक किती येणार, रोजगार किती निर्माण होणार आणि कोणती अद्ययावत यंत्रसामग्री बसणार यांचे आकडे असतात. मात्र जी यंत्रे आज बसलेली आहेत ती प्रत्यक्षात किती काम करतात, हा प्रश्न कोणी विचारलेला माझ्या वाचनात आला नाही. मी गोरेगावातील एका स्टुडिओच्या रेंडर विभागात नोकरी करतो आणि ओळखीच्या छोट्या स्टुडिओंचे फार्म अडले की तेही अधूनमधून पाहून देतो. त्या कामाच्या आधारे हे पत्र लिहीत आहे.

सर्वसामान्य वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. पडद्यावर दर सेकंदाला २४ फ्रेम सरकतात, म्हणजे दोन तासांच्या ॲनिमेशनपटात १ लाख ७२ हजार ८०० फ्रेम होतात, आणि त्यांतील प्रत्येक फ्रेममधील प्रकाश, सावली, केस, पाणी व धूर यांचा हिशेब संगणकाला करावा लागतो. यालाच रेंडर म्हणतात. एका फ्रेमला काही मिनिटांपासून कित्येक तासांपर्यंत वेळ लागतो. एका फ्रेमचे रेंडर सहसा दुसऱ्या फ्रेमवर अवलंबून नसल्यामुळे शेकडो फ्रेम शेकडो यंत्रांना वाटून देता येतात. या यंत्रांच्या समूहाला रेंडर फार्म म्हणतात, त्यातील प्रत्येक यंत्र म्हणजे नोड, आणि कोणते काम कोणत्या नोडला द्यायचे हे ठरवणारी प्रणाली म्हणजे क्यू मॅनेजर. जीपीयूवरील, म्हणजे ग्राफिक्स कार्डावरील, रेंडरची चर्चा अलीकडे जास्त होते, परंतु मोठी दृश्ये ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत मावत नाहीत म्हणून बरेच काम आजही प्रोसेसरच्या कोअरवरच, म्हणजे त्यातील स्वतंत्रपणे हिशेब करणाऱ्या घटकांवरच, चालते आणि माझे म्हणणे त्या कामापुरते आहे.

मालक किंवा निर्माता रात्री क्यू मॅनेजरच्या पडद्याकडे पाहतो तेव्हा सगळे नोड हिरवे दिसतात, म्हणजेच प्रत्येकाकडे काम आहे. फार्म भरलेला आहे, तरी फ्रेम वेळेत निघत नाहीत, म्हणून यंत्रे कमी पडत आहेत, असा सरळ निष्कर्ष काढला जातो आणि दुसऱ्या दिवशी कोटेशन मागवले जाते. हा निष्कर्ष बरेचदा चुकीचा असतो. हिरवा रंग एवढेच सांगतो की नोडने काम हाती घेतले आहे. त्याच्या ३२ कोअरपैकी ३१ कोअर स्वस्थ बसलेले असले तरी रंग हिरवाच राहतो.

हे तपासण्याचा हिशेब शालेय गणिताचा आहे. समजा, ३२ कोअरच्या यंत्रावर एका फ्रेमला २० मिनिटे लागली. त्या वेळात यंत्राकडे ६४० कोअर-मिनिटे उपलब्ध होती. लिनक्सवर कोणत्याही कामाने प्रोसेसरचा किती वेळ वापरला हे 'टाइम' या छोट्या कमांडने कळते, आणि 'डेडलाइन' नावाच्या प्रणालीसारखे क्यू मॅनेजर प्रत्येक टास्कचा सरासरी सीपीयू (प्रोसेसर) वापर नोंदवूनही ठेवतात. वापरलेला वेळ १६० कोअर-मिनिटे निघाला, तर यंत्राचा केवळ २५ टक्के उपयोग झाला आणि उरलेल्या तीन चतुर्थांश यंत्राचे आपण फक्त वीजबिल भरले. हा आकडा शॉटगणिक लिहून ठेवणारे स्टुडिओ मला फार थोडे भेटले आहेत.

आकडा हाती आला की त्याच्या रूपावरून कारणाचा माग लागतो. ३२ कोअरच्या यंत्रावर वापर तीन टक्क्यांच्या आसपास ठाण मांडून बसला असेल तर काम एकाच कोअरवर चालले आहे. आकडा नेमका ५० किंवा नेमका १२.५ टक्के असेल तर कोठे तरी कोणीतरी मर्यादा घालून ठेवली आहे, कारण नैसर्गिक अडथळे असे गोल आकडे देत नाहीत. आणि आकडा सतत वरखाली होत असेल, मध्येच शून्याकडे झुकत असेल, तर प्रोसेसर कशाची तरी वाट पाहत आहे, बहुधा फाइल सर्व्हरची.

यांतील दुसऱ्या प्रकाराचे एक उदाहरण सविस्तर सांगतो. एका छोट्या स्टुडिओत ब्लेंडर या त्रिमिती सॉफ्टवेअरच्या सायकल्स या रेंडररवर (रेंडर करणाऱ्या प्रोग्रॅमवर) एका मालिकेचे काम चालू होते. काही शॉट ठरल्या वेळात निघत आणि काही शॉट, दृश्य तेवढेच असूनही, कित्येक पटींनी रेंगाळत. यंत्रे तीच, नेटवर्क तेच, मग खापर फुटले ते लायटिंग करणाऱ्या मुलांवर, की यांनी सॅम्पल, म्हणजे प्रत्येक बिंदूसाठी घ्यायचे प्रकाशाचे नमुने, वाढवून ठेवले असतील. रेंगाळणाऱ्या शॉटची एक फाइल उघडून रेंडर प्रॉपर्टीजमधील परफॉर्मन्स विभाग पाहिला, तर थ्रेड्सची, म्हणजे एकाच वेळी समांतर चालणाऱ्या कामाच्या धाग्यांची, पद्धत 'फिक्स्ड' आणि संख्या चार होती. झाले होते ते असे. आर्टिस्ट स्वतःच्या संगणकावर चाचणी रेंडर लावून त्याच वेळी दुसरे काम करत असे, आणि संगणक अडखळू नये म्हणून त्याने रेंडरला चार थ्रेड नेमून दिले होते. ब्लेंडर ही नोंद दृश्याबरोबर फाइलमध्ये साठवतो. ती फाइल फार्मवर गेली आणि ३२ कोअरच्या प्रत्येक नोडने ती आज्ञा इमानेइतबारे पाळली. त्यावरचा उपाय एका ओळीचा होता. क्यू मॅनेजरने नोडला जी रेंडरची कमांड पाठवायची, तिच्यात थ्रेडची संख्या स्पष्ट लिहिली की फाइलमधील संख्येवर ती मात करते. आर्टिस्टने काही गैर केले नव्हते. फार्मवर जाणाऱ्या फाइलमधील असल्या वैयक्तिक सोयी आधीच तपासणारी व्यवस्था तेथे नव्हती. अरनॉल्डसारख्या अन्य रेंडररमध्येही थ्रेडची संख्या आपोआप ठरू द्यायची की हाताने द्यायची, असा पर्याय दृश्याच्या सेटिंगमध्येच असतो, त्यामुळे हाच प्रकार तेथेही घडू शकतो.

नेमका अर्धा वापर दिसण्याचे एक कारण विंडोजच्या रचनेत आहे. एएमडीने फेब्रुवारी २०२० मध्ये ६४ कोअरचा आणि १२८ थ्रेडचा थ्रेडरिपर ३९९०एक्स बाजारात आणला, तेव्हा अनेकांनी तो हौसेने घेतला आणि काही प्रोग्रॅम अर्ध्याच थ्रेडवर चालताना पाहून ते चक्रावले. विंडोज ६४ पेक्षा जास्त लॉजिकल प्रोसेसर (म्हणजे थ्रेड) असलेल्या यंत्राचे ६४-६४ चे गट पाडते, आणि जुन्या आवृत्त्यांमध्ये प्रोग्रॅमने स्वतः मागणी केल्याशिवाय तो एकाच गटात अडकून राहत असे. विंडोज ११ आणि विंडोज सर्व्हर २०२२ पासून ही अडचण बरीचशी दूर झाली आहे. मात्र फार्मवरची विंडोज बदलायला कोणी सहजासहजी धजावत नाही, चालू प्रकल्पाच्या मध्यावर तर नाहीच, आणि ते योग्यही आहे. म्हणून जुन्या विंडोजवर नवे, जास्त कोअरचे यंत्र जोडताना ही गोष्ट आधी पाहावी.

नोडवर क्यू मॅनेजरचा जो छोटा प्रोग्रॅम सतत चालू असतो, त्यालाच कोणी ठरावीक कोअरशी बांधून ठेवले असेल, तर त्याने सुरू केलेले प्रत्येक रेंडर ते बंधन वारशाने घेते. दिवसा आर्टिस्टच्या हाताखाली आणि रात्री फार्मवर अशी दुहेरी नोकरी करणाऱ्या संगणकांवर हे हमखास आढळते. लिनक्सवर 'टास्कसेट' या कमांडने कोणत्या प्रक्रियेला कोणते कोअर मोकळे आहेत ते दिसते. कंटेनरमध्ये, म्हणजे यंत्राचा ठरावीक वाटा नेमून दिलेल्या बंदिस्त कप्प्यात, रेंडर चालवणाऱ्यांची अडचण याच्या उलट आहे. प्रोग्रॅमला यंत्राचे सगळे ६४ कोअर दिसतात, तो ६४ थ्रेड सुरू करतो, पण कंटेनरचा कोटा आठ कोअरचा असतो, आणि मग ते ६४ थ्रेड आठ कोअरच्या वेळेसाठी एकमेकांशी झगडत राहतात.

येथे क्यू मॅनेजरच्या हिशेबाविषयीही लिहिले पाहिजे. सोनी पिक्चर्स इमेजवर्क्स आणि गूगल यांनी २०१९ मध्ये मुक्त स्रोत म्हणून खुला केलेला ओपनक्यू हा क्यू मॅनेजर प्रत्येक फ्रेमसाठी कोअर आणि मेमरी राखून ठेवतो, आणि त्यामुळे एकाच मोठ्या नोडवर अनेक छोटी कामे एकत्र बसवता येतात. ही पद्धत उत्तम आहे, पण राखून ठेवणे आणि प्रत्यक्ष वापरणे यांचा मेळ घालण्याची जबाबदारी आपली असते. फ्रेमसाठी चार कोअर राखले आणि रेंडररने मात्र यंत्राचे सगळे ३२ कोअर ओढले, तर क्यू मॅनेजर उरलेले २८ मोकळे समजून तेथे आणखी सात फ्रेम पाठवतो. आठ फ्रेमचे मिळून २५६ थ्रेड ३२ कोअरवर तुटून पडतात आणि सर्वांचाच वेळ वाढतो. याउलट सगळे ३२ कोअर राखले आणि काम एकाच थ्रेडचे निघाले, तर यंत्र कागदोपत्री भरलेले आणि प्रत्यक्षात रिकामे राहते. रेंडर कमांडमधील थ्रेडची संख्या आणि क्यूमध्ये राखलेल्या कोअरची संख्या एकाच ठिकाणाहून आली पाहिजे. दोन माणसांनी दोन ठिकाणी हाताने भरलेले आकडे महिन्याभरातही जुळत राहत नाहीत.

आता वाट पाहणाऱ्या प्रोसेसरविषयी. लिनक्सवरील लोड ॲव्हरेज हा आकडा पाहून बरेच जण फसतात. लिनक्समध्ये या आकड्यात केवळ कोअरसाठी रांगेत उभी असलेली कामे नसतात, तर डिस्क किंवा नेटवर्कवरील फाइलची वाट पाहत अडकून पडलेली कामेही मोजली जातात. त्यामुळे लोड ६० दिसतो, प्रोसेसर मात्र ८० टक्के रिकामा असतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की यंत्रावर भार फार झाला. अशा वेळी नवे नोड घेणे म्हणजे आगीतून फुफाट्यात पडणे आहे, कारण प्रत्येक नवा नोड त्याच थकलेल्या फाइल सर्व्हरकडे आणखी मागण्या घेऊन जातो. टेक्स्चर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवायची चित्रे, मूळ मोठ्या फाइलींच्या स्वरूपात ठेवलेली असतील, तर रेंडररला लागणारा छोटा तुकडा वाचण्यासाठी अख्खी फाइल ओढावी लागते. ती टाइल पाडलेल्या, लहान-मोठ्या प्रती असलेल्या टीएक्स स्वरूपात आधीच बदलून ठेवली, तर हवा तेवढाच भाग वाचला जातो. हे रूपांतर रेंडरच्या वेळी आपोआप व्हावे अशी सोय काही ठिकाणी चालू ठेवलेली असते, आणि मग सकाळी जॉब सुरू होताच सगळे नोड तेच टेक्स्चर एकाच वेळी रूपांतरित करायला धावतात. ते काम टेक्स्चर विभागाने एकदाच करून पुढे द्यावे. मेमरी संपून यंत्र स्वॅप करू लागले, म्हणजे मेमरीतील माहिती डिस्कवर ठेवू लागले, तरी कोअरचा वापर असाच कोसळतो, म्हणून कोअरच्या आलेखाशेजारी मेमरीचा आलेख ठेवणे बरे.

सर्व व्यवस्थित असूनही वापर १०० टक्क्यांवर जात नाही, तेव्हा निर्मात्यांना समजावणे सर्वांत कठीण जाते. प्रत्येक फ्रेमच्या सुरुवातीला दृश्य वाचणे, भूमिती जुळवणे, केस उगवणे अशी तयारी असते, आणि तिचा बराचसा भाग एका किंवा मोजक्या कोअरवरच होतो. समजा, वीस मिनिटांच्याच दुसऱ्या एका फ्रेममध्ये सहा मिनिटे अशी एका कोअरची तयारी आहे आणि चौदा मिनिटे सगळे ३२ कोअर राबतात. आता ६४ कोअरचे यंत्र आणले, तर चौदाची सात मिनिटे होतील, सहाची सहाच राहतील, आणि फ्रेम तेरा मिनिटांत निघेल. १२८ कोअरचे आणले तर साडेनऊ मिनिटांत. किंमत वाढत जाते आणि सहा मिनिटांची भिंत हलत नाही. जीन ॲमडाल यांनी ही मर्यादा १९६७ मध्येच मांडून ठेवली आहे. यावर व्यवहार्य उपाय म्हणजे ६४ कोअरच्या यंत्रावर प्रत्येकी ३२ थ्रेडच्या दोन फ्रेम शेजारी शेजारी चालवणे. प्रत्येक फ्रेमला वीस मिनिटे लागतात, पण वीस मिनिटांत दोन निघतात, म्हणजे फ्रेममागे तेराऐवजी दहा मिनिटे पडतात. त्यासाठी मेमरी मात्र दुप्पट लागते, हे आधी पाहिले पाहिजे. शक्य असेल तेथे तयारीचा वेळच कमी करणे अर्थात अधिक चांगले, पण ते काम आर्टिस्ट आणि पाइपलाइन विभाग यांनी एकत्र बसून करायचे असते, आणि दोघांनाही वेळ कधीच नसतो.

फ्रेमच्या शेवटालाही असेच होते. काही रेंडरर चित्राचे चौकोनी तुकडे, म्हणजे बकेट, पाडून प्रत्येक कोअरला एकेक देतात. आकाशाच्या बकेट झटपट संपतात, पण काचेच्या पेल्याची किंवा दाट केसांची एखादी बकेट एका कोअरकडे राहून जाते. पंगतीत सर्वांची जेवणे आटोपली तरी एका आजोबांचा ताकभात संपेपर्यंत कोणी उठू नये, तसे बाकीचे ३१ कोअर तिच्यासाठी खोळंबतात. बकेटचा आकार लहान करणे हा यावरचा साधा इलाज आहे, आणि व्ही-रेने तर उरलेल्या बकेट आपोआप लहान करत नेण्याची सोय केली आहे. पाण्याच्या किंवा कापडाच्या सिम्युलेशनचे जॉब या हिशेबात धरू नयेत. त्यांत पुढची फ्रेम मागच्या फ्रेमवर अवलंबून असते, त्यामुळे ते जॉब चालवणाऱ्या यंत्राची भूमिकाच निराळी असते.

वापर १०० टक्के दिसतो आणि तरीही यंत्र मंद चालते, असेही घडते. वातानुकूलन बिघडले किंवा पंख्यांत धूळ बसली की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. तो राबत असतोच, पण हळू. म्हणून टक्क्यांबरोबर क्लॉकचा वेग आणि तापमानही पाहावे. तसेच एका कोअरचे दोन थ्रेड दाखवणाऱ्या यंत्रावर ५० टक्के म्हणजे अर्धी शक्ती शिल्लक आहे असे समजू नये. दोन थ्रेड एकाच कोअरची साधने वाटून घेतात, त्यामुळे उरलेल्या ५० टक्क्यांतून तेवढेच काम कधीच निघत नाही.

एवढे सगळे कोणी पाहायचे? स्टुडिओत या कामाला रेंडर रँगलर असे पद आहे. ते बहुतेक ठिकाणी उमेदवारीचे आणि रात्रपाळीचे मानले जाते, आणि अडलेली फ्रेम पुन्हा लावणे एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. नापास झालेली फ्रेम निदान लाल तरी दिसते. पंचवीस टक्के क्षमतेने चाललेली फ्रेम हिरवी असते, म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही. ज्याच्या हाती रात्रभर लाखो रुपयांची यंत्रे असतात, त्याला लॉग वाचायला आणि वर मांडलेला भागाकार करायला कोणी शिकवलेले नसते, आणि त्याने सकाळी येऊन काही सांगितलेच तर ते ऐकून घेणारेही कोणी नसते. ॲनिमेशनच्या खासगी वर्गांत सॉफ्टवेअरची बटणे शिकवतात, अभियांत्रिकीच्या वर्गांत ऑपरेटिंग सिस्टीमचा सिद्धान्त शिकवतात, आणि या दोहोंच्या मधल्या जागेत बसणारा हा विषय कोणाच्याच अभ्यासक्रमात नसतो.

शासनाला माझी सूचना मर्यादित आहे. नव्या धोरणाखाली ज्या प्रशिक्षण संस्थांना साहाय्य मिळेल, त्यांनी आपल्याच प्रयोगशाळेतील संगणक रात्री फार्म म्हणून जोडावेत. ब्लेंडर आणि ओपनक्यू दोन्ही विनामूल्य आहेत. विद्यार्थ्यांनी एका जॉबचा कोअर-वापर मोजून, तो कमी का आला याचे कारण शोधून, त्याचा अहवाल द्यावा आणि त्याला गुण असावेत. शोरीलमध्ये (कामाच्या नमुन्यांच्या चित्रफितीत) हे दिसणार नाही हे मान्य आहे, पण नोकरी टिकवायला ते उपयोगी पडेल. आणि यंत्रसामग्रीच्या खरेदीसाठी जेथे सार्वजनिक पैसा वापरला जाणार असेल, तेथे मागणीच्या अर्जाला सध्याच्या फार्मची किमान एका महिन्याची नोंद जोडणे सक्तीचे करावे. नोडगणिक सरासरी कोअर-वापर, मेमरीचा कमाल वापर आणि फाइल सर्व्हरवर वाट पाहण्यात गेलेला वेळ, एवढे तीन रकाने त्या नोंदीत पुरेसे आहेत, आणि ही माहिती गोळा करायला कोणतेही सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही.

आपला विश्वासू,
एक रेंडर कर्मचारी
गोरेगाव (पूर्व), मुंबई